विडाल पॉझिटिव्ह आली, पण टायफॉइड आहे का?

पावसाळ्यात ताप चार-पाच दिवस उतरला नाही की एक कागद हमखास हातात पडतो. त्यावर चार ओळी असतात: टीओ १:१६०, टीएच १:१६०, एएच १:२० पेक्षा कमी, बीएच १:२० पेक्षा कमी. खाली ठळक अक्षरांत ‘विडाल पॉझिटिव्ह’. विडाल म्हणजे टायफॉइडच्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी मोजणारी रक्तचाचणी; टीओ-टीएच या टायफॉइडच्या ओळी, एएच-बीएच त्याच्या भाऊबंद पॅराटायफॉइडच्या. घरात ‘टायफॉइड निघाला’ असं ठरतं, इंजेक्शनं सुरू होतात आणि तापाचं खरं कारण शोधायचं काम तिथेच थांबतं.

या कागदावर इतका विश्वास ठेवू नये. टायफॉइडची शंका असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्यासाठी, रक्त काढून घ्यावं, आणि तेही पुरेसं घ्यावं. रक्त काढायला पाचेक मिनिटं लागतात, त्यामुळे पेशंट गंभीर असला तरी उपचाराला उशीर होत नाही. रक्त घ्यायचं आणि लगेच पहिला डोस द्यायचा. एवढी एक सवय लागली तर पुढचे दहा गोंधळ टळतात. ते का, हे समजण्यासाठी आधी हा जंतू शरीरात काय करतो ते पाहू.

टायफॉइड, म्हणजे आपला मुदतीचा ताप किंवा विषमज्वर, साल्मोनेला टायफी या जंतूमुळे होतो. त्याचाच भाऊबंद साल्मोनेला पॅराटायफी ए जवळजवळ तसाच आजार करतो. कार्ल एबर्थने १८८० मध्ये टायफॉइडने मेलेल्या रुग्णांच्या अवयवांत हे जंतू पाहिले आणि १८८४ मध्ये गेऑर्ग गाफ्कीने ते प्रयोगशाळेत वाढवले. साल्मोनेलाचे इतर अनेक प्रकार कोंबड्या, गुरं, अंडी यांच्यामार्फत येतात. टायफी मात्र फक्त माणसातच राहतो. म्हणजे टायफॉइडच्या प्रत्येक रुग्णाच्या पोटात गेलेला जंतू कुठल्या तरी दुसऱ्या माणसाच्या शौचातून किंवा लघवीतून बाहेर पडलेला असतो, आणि पाण्यातून किंवा खाण्यातून त्याच्यापर्यंत पोचलेला असतो.

गिळलेल्या जंतूंपैकी बरेचसे जठरातल्या आम्लात मरतात. अॅसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना हा धोका जास्त का, ते इथे कळतं. उरलेले जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचतात. तिथे आतड्याच्या भिंतीत पेयर्स पॅचेस नावाचे प्रतिकारपेशींचे पुंजके असतात, त्यांवरून ते आत शिरतात. मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळतात, पण टायफी त्या पेशीतच तग धरतो आणि तिच्यातूनच यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत जाऊन बसतो. हे सगळं होईपर्यंत रुग्णाला काही जाणवत नाही. साधारण एक ते दोन आठवड्यांनी जंतू तिथून पुन्हा रक्तात उतरतात, तेव्हा ताप सुरू होतो. त्यानंतर पित्ताशयातून ते परत आतड्यात येतात. या दुसऱ्या फेरीत पेयर्स पॅचेस सुजतात, त्यांवर व्रण पडतात. उपचार न झालेल्या रुग्णात तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आतड्यातून रक्तस्राव होण्याचा किंवा आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो तो यामुळेच. तापाच्या रुग्णाचं पोट अचानक असह्य दुखू लागलं आणि कडक झालं, तर ती शस्त्रक्रियेची तातडी आहे. तिथे रिपोर्टची वाट पाहायची नसते.

कोणत्या आठवड्यात कोणती तपासणी करायची तेही या प्रवासावरूनच ठरतं. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतात, म्हणून ब्लड कल्चर. अँटिबॉडी पहिल्या आठवड्याच्या शेवटी तयार व्हायला लागतात, म्हणून विडालसारख्या चाचण्यांना दुसऱ्या आठवड्याआधी अर्थ नाही. शौचात जंतू दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जास्त सापडतात. मेडिकलचे विद्यार्थी हा क्रम ‘बासू’ या खुणेने पाठ करतात: ब्लड, अँटिबॉडी, स्टूल, युरिन. पाठ सगळ्यांना असतो. तरी तापाच्या तिसऱ्या दिवशी विडाल आणि दहाव्या दिवशी, तीन अँटिबायोटिक झाल्यावर, ब्लड कल्चर असा उलटा क्रम सर्रास दिसतो.

टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तात जंतू फार थोडे असतात. व्हिएतनाममध्ये झालेल्या मोजणीत मध्यम आकडा निघाला १ मिली रक्तात जेमतेम १ जिवंत जंतू, आणि त्यातलेही निम्म्याहून अधिक पांढऱ्या पेशींच्या आत लपलेले. अस्थिमज्जेत हेच प्रमाण सुमारे १० पट. कल्चर निगेटिव्ह येण्याचं सगळ्यात मोठं कारण या आकड्यात आहे. समजा एखाद्या रुग्णात ३ मिलीमागे १ जंतू आहे. त्याचं २ मिली रक्त घेतलं, तर निम्म्या वेळा त्या नमुन्यात एकही जंतू नसेल. लॅब कितीही चांगली असो, बाटलीत जे नाहीच ते वाढणार कुठून? तेच १० मिली घेतलं तर नमुना रिकामा निघण्याची शक्यता शंभरात चारपर्यंत खाली येते, आणि २० मिली घेतलं तर हजारात एखादीच. ‘कल्चर केलं होतं, काही निघालं नाही’ असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, रक्त किती घेतलं होतं? दुसरा प्रश्न, त्याआधी कोणतं अँटिबायोटिक झालं होतं?

मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं, आणि शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या हातांतून दोन बाटल्या. लहान मुलांसाठी वेगळी बाटली असते. तिच्यात वजनाप्रमाणे १ ते ४ मिली रक्त पुरतं, कारण मुलांच्या रक्तात जंतूंचं प्रमाण सहसा जास्त असतं. बाटलीतलं द्रव आणि रक्त यांचं प्रमाणही पाहावं लागतं. रक्ताच्या ५ ते १० पट द्रव हवं, म्हणजे रक्तातले जंतुनाशक घटक आणि आधीच गेलेलं औषध पातळ होऊन निष्प्रभ होतं. म्हणून १० मिलीच्या हिशेबाने बनवलेल्या बाटलीत २० मिली ओतणंही चूकच. बाटलीच्या लेबलावर रेघा असतात. रक्त भरण्याआधी तिथे पेनने खूण करून ठेवावी, कारण भरताना अंदाज हमखास चुकतो.

आता रक्त काढण्याची पद्धत. इथे हलगर्जी झाली तर टायफी सापडण्याऐवजी त्वचेवरचे जंतू वाढतात आणि रिपोर्ट गोंधळाचा येतो. शीर आधी बोटाने चाचपून ठरवून घ्यायची. मग ७० टक्के अल्कोहोलने जागा पुसून कोरडी होऊ द्यायची. त्यानंतर अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडीन चोळून लावायचं आणि ते पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. पोव्हिडोन आयोडीन वापरत असाल तर दीड ते दोन मिनिटं थांबावं लागतं. जंतू मरतात ते या वाळण्याच्या वेळातच. लावलं आणि लगेच कापसाने पुसून टाकलं, तर ते न लावल्यासारखंच. एकदा जागा स्वच्छ केली की पुन्हा बोट लावायचं नाही. लावावंच लागलं तर निर्जंतुक हातमोजा हवा.

बाटलीचं प्लास्टिकचं झाकण उडवलं की खाली रबर दिसतं. ते चकचकीत दिसतं म्हणून निर्जंतुक आहे असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. तेही ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यायचं. आयोडीन तिथे नको, त्याने रबर खराब होतं. रक्त आधी कल्चरच्या बाटलीत आणि मग सीबीसी वगैरेंच्या नळ्यांत. उलट क्रमाने भरलं, तर त्या नळ्यांमधलं रसायन किंवा जंतू सुईबरोबर बाटलीत जाऊ शकतात. पूर्वी मध्येच सुई बदलायला सांगत. आता तसं सांगत नाहीत, कारण फायदा नगण्य आणि सुई टोचण्याचा धोका मोठा. सलाईनच्या चालू लाइनमधून कल्चरचं रक्त घेऊ नये. लेबल चिकटवताना बाटलीवरचा बारकोड झाकू नये. नाव, हात कोणता, वेळ आणि आधी झालेलं अँटिबायोटिक एवढं लिहिलंच पाहिजे.

आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. रात्री उशिरा रक्त घेतलं, लॅब बंद आहे, मग इतर नमुन्यांबरोबर हीही फ्रिजमध्ये, असं सहज होतं. थंडीत यातले काही जंतू दगावतात आणि उरलेले सुस्तावतात. खोलीच्या तापमानाला ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर, दोन-चार तासांत, लॅबमध्ये पोचवावी. ताप चढण्याची वाट पाहून रक्त घ्यायचीही गरज नाही. ताप चढतो तो जंतू रक्तात उतरल्यानंतर, त्यामुळे थर्मामीटरकडे बघत बसण्यापेक्षा पुरेसं रक्त घेणं कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

तालुक्याच्या ठिकाणी, जिथे महागड्या बाटल्या नेहमी मिळत नाहीत, तिथे क्लॉट कल्चर करता येतं. साध्या नळीत घेतलेलं रक्त गोठलं की वरचं सीरम इतर तपासण्यांना काढून घ्यायचं. खाली उरलेली रक्ताची गुठळी फोडून पित्त असलेल्या ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पोषक द्रवात) घालायची. पित्ताने रक्तपेशी फुटतात, आत लपलेले जंतू मोकळे होतात. शिवाय पित्तात तग धरणं टायफीला जमतं, इतर बऱ्याच जंतूंना नाही. सीरम वेगळं काढल्यामुळे त्यातल्या अँटिबॉडीही बाजूला जातात. हे तंत्र जुनं आणि स्वस्त आहे. नळी आणि गुठळी मात्र निर्जंतुक पद्धतीने हाताळायला हवी.

मोठ्या लॅबमध्ये स्वयंचलित यंत्रं असतात. जंतू वाढताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने बाटलीच्या बुडाशी असलेल्या सेन्सरमध्ये बदल होतो आणि यंत्र इशारा देतं. बाटली पाच दिवस आत राहते, पण टायफी बहुतेकदा पहिल्या ४८ तासांत उगवतो. इशारा आल्यावर ग्राम स्टेनमध्ये गुलाबी दंडगोल जंतू दिसतात. मॅकॉन्की अगारवर टायफीच्या वसाहती फिकट, बिनरंगी येतात, कारण तो लॅक्टोज आंबवत नाही. ट्रिपल शुगर आयर्न या तिरप्या नळीत वरचा भाग लाल, खालचा पिवळा, गॅस नाही आणि सुईच्या रेषेवर हायड्रोजन सल्फाइडची बारीकशी काळी रेघ, अशी टायफीची ओळख. पॅराटायफी ए गॅस करतो आणि काळी रेघ सहसा दाखवत नाही. मग काचेच्या पट्टीवर ओ-९ आणि एच-डी अँटिसीरम (त्या-त्या खुणेला चिकटणाऱ्या अँटिबॉडींचं द्रव) घालून गुठळ्या होतात का पाहून खात्री करतात. ओ ही जंतूच्या अंगावरची खूण, एच शेपटीवरची. इथे एक खाचखळगा आहे. टायफीवर व्हीआय नावाचं आवरण असतं, त्यामुळे ओ-९ त्याच्यापर्यंत पोचतच नाही आणि गुठळ्या होत नाहीत. नवखा माणूस ‘साल्मोनेला नाही’ म्हणून मोकळा होतो. व्हीआय अँटिसीरमने तपासावं, किंवा जंतूंचं सस्पेन्शन उकळत्या पाण्यात धरून आवरण घालवावं आणि ओ-९ पुन्हा लावून पाहावं.

दोनपैकी एकाच बाटलीत स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस किंवा डिफ्थेरॉइड उगवले, तर ते बहुतेकदा त्वचेवरून आलेले असतात. टायफीचं तसं नाही. एका बाटलीत एकदा उगवला तरी तो खराच धरायचा.

कल्चरची खरी कमाई म्हणजे सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे या जंतूवर कोणतं औषध चालतं ते सांगणारा कागद. भारतातल्या बहुतेक टायफी जंतूंवर आता सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या कुळातली औषधं नीट चालत नाहीत. जंतूच्या जायरेज या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेत. याउलट क्लोरँफेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल ही जुनी औषधं बऱ्याच नमुन्यांवर पुन्हा लागू पडताना दिसतात. सिंधमध्ये, पाकिस्तानातल्या हैदराबादेत, २०१६ पासून असा टायफी पसरला की ज्यावर सेफ्ट्रायाक्सोनही चालत नाही, आणि तोंडाने घ्यायच्या औषधांत अझिथ्रोमायसिनच तेवढं उरलं. विडालचा कागद यातलं काहीही सांगू शकत नाही.

रिपोर्ट वाचताना एक काळजी घ्यावी. जेंटामायसिन, अमिकासिन किंवा पहिल्या-दुसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन्स यांपुढे टायफीसाठी ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलं असेल, तर ते मनावर घ्यायचं नाही. प्लेटवर ती औषधं जंतूला मारतात. शरीरात मात्र जंतू पेशीच्या आत बसलेला असतो आणि तिथे ती उपयोगी पडत नाहीत. चांगल्या लॅबने ती नावं टायफीच्या रिपोर्टमध्ये छापूच नयेत.

आता विडालकडे वळू. फर्नांड विडालने १८९६ मध्ये ही चाचणी मांडली. रुग्णाच्या सीरममध्ये जंतू मिसळले की अँटिबॉडीमुळे त्यांच्या गुठळ्या होतात, एवढंच तिचं तत्त्व. त्या काळासाठी ती मोठी झेप होती. आज आपण ती ज्या रीतीने वापरतो, त्या रीतीत दोष आहे.

पहिला दोष करण्यात. बहुतेक ठिकाणी पट्टीवरची झटपट विडाल होते. सीरमचे ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर थेंब, प्रत्येकात अँटिजनचा (मेलेल्या जंतूंच्या द्रवाचा) एक थेंब, एक मिनिट पट्टी हलवायची आणि गुठळ्या पाहायच्या. त्यावरून अनुक्रमे १:२०, १:४०, १:८०, १:१६०, १:३२० असं टायटर, म्हणजे सीरम किती पातळ असतानाही गुठळ्या होतात तो आकडा, लिहितात. मिनिटाऐवजी तीन मिनिटं झाली की थेंब कडेने सुकतो आणि सुकलेली कड गुठळ्यांसारखी दिसते. अँटिजनची बाटली फ्रिजमधून काढून तशीच वापरली, हलवली नाही, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल लावले नाहीत, तरी आकडा चुकतो. खरं टायटर नळ्यांमधल्या विडालने काढायला हवं. त्यात सीरमची टप्प्याटप्प्याने विरलता करून रात्रभर ३७ अंशाला ठेवतात आणि सकाळी वाचतात. ओ अँटिजनचे कण बुडाशी खडूच्या भुकटीसारखे बसतात, एचचे कापसासारखे सैल दिसतात. हे करायला एक दिवस जास्त लागतो, म्हणून फार थोड्या लॅब करतात.

दुसरा दोष वाचण्यात. जिथे टायफॉइड वर्षानुवर्षं आहे तिथल्या निरोगी माणसांच्या रक्तातही या अँटिबॉडी थोड्याफार असतात. म्हणून त्या भागातल्या निरोगी लोकांचं नेहमीचं टायटर किती, हे माहीत असल्याशिवाय १:८० किंवा १:१६० ला स्वतःचा असा अर्थ नाही. ओ-९ आणि ओ-१२ ही अँटिजन साल्मोनेलाच्या इतर प्रकारांतही असतात. मलेरिया, यकृताचे जुने आजार आणि इतर तापांतही जुन्या अँटिबॉडी वर उसळतात. फक्त टीएच वाढलेलं असेल आणि टीओ नसेल, तर बहुतेकदा तो जुन्या संसर्गाचा किंवा जुन्या, अख्ख्या जंतूंपासून केलेल्या लशीचा अवशेष असतो. विडालला खरा अर्थ येतो तो १० ते १४ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत टायटर चौपट वाढलं तर. एवढे दिवस उपचाराशिवाय कुणी थांबत नाही, थांबूही नये. म्हणूनच ही चाचणी व्यवहारात निरुपयोगी होते.

एक हिशेब करून पाहा. समजा पावसाळ्यात तापाचे २०० रुग्ण आले आणि त्यातल्या १० जणांना खरंच टायफॉइड आहे. समजा विडाल दहापैकी सात खऱ्या रुग्णांना पकडते आणि टायफॉइड नसलेल्या शंभरांतल्या ऐंशींना बरोबर निगेटिव्ह सांगते. मग खरे पॉझिटिव्ह ७ आणि खोटे पॉझिटिव्ह ३८. म्हणजे ‘विडाल पॉझिटिव्ह’ अशा ४५ कागदांमागे ७ टायफॉइड. उरलेल्या ३८ जणांना डेंग्यू असेल, मलेरिया असेल, साधा व्हायरल ताप असेल, नाहीतर स्क्रब टायफस असेल.

यातल्या स्क्रब टायफसची काळजी सगळ्यात जास्त वाटते. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात त्याची साथ आली होती. हा आजार गवतातल्या बारीक किड्यांच्या, चिगरच्या चाव्यातून येतो, आणि टायफॉइडसाठी देतात त्या सेफ्ट्रायाक्सोनने तो बरा होत नाही. त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं. विडालवर विसंबून पाच दिवस सेफ्ट्रायाक्सोन चाललं, तर तेवढ्या वेळात रुग्णाची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बिघडू शकतात. म्हणून अशा तापात काख, जांघ, स्तनाखाली, कमरेच्या पट्ट्याखाली, सगळीकडे कपडे बाजूला करून चिगर चावल्याच्या जागी पडणारी काळी खपली शोधावी. मलेरियाची स्लाइड पाहावी. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-१ चाचणी करावी. सीबीसीत पांढऱ्या पेशी कमी किंवा नॉर्मल आणि त्यांतल्या इओसिनोफिल प्रकारच्या पेशी जवळजवळ शून्य असतील तर टायफॉइडकडे कल वाढतो, पण तेही फक्त कलच. बाजारात मिळणाऱ्या आयजीएम (ताज्या अँटिबॉडीच्या) झटपट चाचण्या विडालपेक्षा थोड्या बऱ्या असल्या, तरी कल्चरची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

कल्चरलाही मर्यादा आहेत. सगळं नीट केलं तरी ते साधारण दहापैकी सहा रुग्णांनाच पकडतं. म्हणून कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून टायफॉइड नाहीच, असंही म्हणता येत नाही. निर्णय रुग्ण पाहून घ्यायचा असतो. फरक इतकाच, की कल्चर पॉझिटिव्ह आलं तर ते खरं असतं, आणि विडालबद्दल तसं म्हणता येत नाही.

कल्चर करून मोजलं की चित्र किती बदलतं ते २०१७ ते २०२० मधल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने झालेल्या या कामात १४ वर्षांपर्यंतच्या मुलांवर नजर ठेवली गेली आणि तीन दिवस ताप राहिला की ब्लड कल्चर केलं गेलं. शहरांतल्या वस्त्यांमध्ये दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ पासून ११७३ पर्यंत टायफॉइड सापडला. पुण्याजवळच्या वढू या ग्रामीण भागात तोच आकडा होता ३५. एका भागावरून सगळ्या ग्रामीण महाराष्ट्राचं अनुमान काढता येणार नाही, हे खरं. तरी ज्या गावात प्रत्येक तिसरा ताप ‘टायफॉइड’ ठरतो, तिथे एकदा कल्चर करून पाहायला हवं, असं हा आकडा सांगतो.

लस कुठे आधी द्यायची हेही अशाच आकड्यांवरून ठरवावं लागतं. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या मुलांसाठी टायफॉइड कॉन्जुगेट लशीची मोहीम घेतली. सरकारी यंत्रणेतून ही लस देणारी ती जगातली पहिली मोहीम. या लशीत व्हीआय आवरणाची साखर टिटॅनस टॉक्सॉइडला जोडलेली असते. त्यात ओ आणि एच अँटिजन नाहीत, म्हणून लस घेतल्याने विडालचा टीओ-टीएच वाढू नये. पॅराटायफी एला व्हीआय आवरण नसतं, त्यामुळे त्याच्यापासून ही लस वाचवत नाही. लस घेतलेल्या मुलाला मुदतीचा ताप आलाच तर हे लक्षात ठेवावं.

पाण्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक तासच येतं. पाणी बंद असताना पाइपमधला दाब उतरतो, आणि गळती असलेल्या जागी शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली धार पिण्याला भरू नये. गावात टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालतात, साधारण १००० लिटरला ५ ग्रॅम. ती आधी बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि किमान अर्धा तास थांबायचं. पोतं उघडं आणि दमट जागी राहिलं तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. म्हणून पाण्यातला क्लोरीन पाहायची ओटी टेस्ट टाकीजवळ करून भागत नाही, ती शेवटच्या घराच्या नळाला करावी. ऑर्थोटोलिडीन घातल्याबरोबर, पहिल्या दहा सेकंदांत येणारा पिवळा रंग हा मोकळ्या क्लोरीनचा. पंधरा मिनिटांनी वाचलात तर त्यात इतर घटकांशी बांधला गेलेला क्लोरीनही मिसळतो आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटतं. शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळा क्लोरीन हवा.

निदान पक्कं होऊन योग्य औषध सुरू झालं, तरी टायफॉइडचा ताप लगेच उतरत नाही. चार ते सहा दिवस लागतात. इथेही घाई होते. तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदललं जातं, पाचव्या दिवशी आणखी एक जोडलं जातं, आणि मग ताप उतरतो तेव्हा कशाने उतरला ते कुणालाच सांगता येत नाही. सेन्सिटिव्हिटी बरोबर असेल, रुग्ण जेवायला लागला असेल आणि तापाचा चढ रोज थोडा कमी होत असेल, तर थांबावं. ताप उतरल्यावर औषध मध्येच सोडू नये, कारण पेशींत दडलेले जंतू पुन्हा उसळतात. उलटा ताप येतो तो सहसा औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, आणि त्या वेळी विडाल नको, कल्चरच पुन्हा करावं.

बरं झाल्यावर विडाल परत करून पाहणं पूर्ण निरर्थक आहे. अँटिबॉडी काही महिने रक्तात राहतातच. ‘ताप नाही, पण विडाल अजून १६० आहे’ म्हणून औषधाचा दुसरा कोर्स घेतलेली माणसं भेटतात. त्यांना त्या औषधाची काहीच गरज नसते.

बरे झालेल्यांपैकी शंभरात दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षाहून अधिक काळ राहतात. पित्ताचे खडे असलेल्यांत हे जास्त, कारण जंतू खड्यावर थर करून बसतात आणि औषध तिथवर पोचत नाही. अशा माणसाला काही त्रास नसतो. तो खानावळीत किंवा अंगणवाडीत स्वयंपाक करत असेल, तर इतरांना मात्र धोका असतो. म्हणून स्वयंपाक करणाऱ्यांचं औषध संपल्यावर काही आठवड्यांनी स्टूल कल्चर करावं. जंतू रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एक नमुना पुरत नाही. वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तीन नमुने हवेत. नमुना लॅबला पोचायला दोन तासांहून जास्त लागणार असतील तर कॅरी-ब्लेअर या जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात पाठवावा, आणि मागणीपत्रावर ‘टायफॉइड वाहक तपासणी’ असं स्पष्ट लिहावं, म्हणजे लॅब तो नमुना आधी सेलेनाइट ब्रॉथमध्ये वाढवून मगच प्लेटवर घेते.